मौसलपर्व विसरलेली समीक्षा

आमच्याकडे एम. ए.च्या शेवटच्या सत्रात लघुप्रबंध असतो. काही वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याने त्यासाठी एक विषय लिहून आणला. एका व्हिडिओगेममधल्या धर्मसैनिकाचा आघात, त्याचे व्यसन आणि त्याची श्रद्धा, असा तो विषय होता. बैठकीत हशा पिकला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'हे वाङ्मय नव्हे' असा तीन शब्दांत निकाल दिला आणि विषय परत गेला. त्या बैठकीत मीही होतो आणि मीही हसलो होतो. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते आधी मला स्वतःला लागू आहे. मग तुम्हांला, म्हणजे मराठी साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांना.

बैठकीनंतर मी त्याला विचारले, अरे, तुला हाच विषय का घ्यावासा वाटला? तो म्हणाला, "सर, आमच्या घरातला एक माणूस पोलिसात आहे. त्याच्यासारखा माणूस मला पुस्तकात कुठं भेटला नाही. ह्या गेममध्ये भेटला." ह्या उत्तरावर काय बोलावे ते मला सुचले नाही. इतक्या वर्षांनी सुचले आहे, ते असे की विषय हास्यास्पद नव्हता. हास्यास्पद होती ती आपली समीक्षा. जंगलात पंचवीस-तीस वर्षे बंदूक घेऊन फिरलेल्या माणसाला तिने आतून पाहण्याची तसदीच घेतलेली नाही.

आधी त्या धर्मसैनिकाविषयी. कॅनडातल्या 'बायोवेअर' कंपनीच्या 'ड्रॅगन एज' ह्या मालिकेतले हे पात्र आहे. नाव कलन रदरफर्ड. तो टेम्प्लर आहे, म्हणजे 'चँट्री' नावाच्या धर्मपीठाचा सैनिक. जादू जाणणाऱ्या माणसांना मनोऱ्यात डांबून त्यांच्यावर पहारा ठेवणे हे टेम्प्लरांचे काम. ते नीट करता यावे म्हणून धर्मपीठ त्यांना 'लिरियम' नावाचे द्रव्य देते. त्याने अंगात शक्ती येते आणि त्याची सवयही लागते. सैनिक धर्मपीठाशी बांधलेला राहतो तो अर्धा श्रद्धेने आणि अर्धा ह्या तलफेने. २००९ सालच्या पहिल्या भागात मनोऱ्यात बंड होते, कलनचे सोबती त्याच्या डोळ्यांदेखत मरतात आणि तो एकटा कोंडलेल्या अवस्थेत छळ सोसतो. २०११ सालच्या दुसऱ्या भागात तो दुसऱ्या शहरात मोठा अधिकारी झालेला दिसतो, आणि ज्यांच्यावर पहारा ठेवायचा त्यांना माणूस मानायलाही तयार नसतो. २०१४ सालच्या तिसऱ्या भागात तो एका नव्या फौजेचा सेनापती असतो आणि त्याने लिरियम सोडलेले असते. रात्री त्याला जुनी स्वप्ने पडतात. एका प्रसंगी तो लिरियमची पेटी भिंतीकडे भिरकावतो. पण प्रार्थना सोडत नाही. आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी की त्याने आपल्या एका सहकारी स्त्रीला सांगून ठेवलेले असते, माझ्यावर लक्ष ठेव, मी कामाला अपात्र ठरलो असे दिसले तर माझ्या जागी दुसरा माणूस नेमायला सांग.

तुम्ही म्हणाल, हे सगळे कल्पित आहे. आहेच. पण त्यातले प्रश्न मोजून पाहा. हिंसेच्या साक्षीदाराला पुढे काय होते? ज्याच्यावर हिंसा झाली तोच उद्या हिंसा करू लागतो ते कसे? नशा आणि कर्तव्य एकमेकांत कसे गुंततात? श्रद्धा माणसाला सावरते की वापरून घेते? चार प्रश्न झाले. आता मराठी साहित्याच्या कोणत्याही वर्गात जा आणि ह्यांपैकी एक तरी प्रश्न गडचिरोलीच्या जवानाच्या संदर्भात विचारला जातो का ते पाहा.

आपल्याकडे जवानाचे दोन मुखवटे तयार आहेत. पहिला हुतात्म्याचा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. माओवाद्यांशी लढण्यासाठी 'सी-६०' हे पथक १९९० साली उभे राहिले, आणि त्यात मुख्यतः इथलीच मुले घेतली गेली, कारण जंगल, पायवाटा आणि गोंडी-माडिया बोली त्यांनाच ठाऊक होत्या. २००९ साली १ फेब्रुवारीला मरकेगावात १५ पोलिस मारले गेले, ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ १७. २०१९ साली महाराष्ट्रदिनीच जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान गेले. दर वेळी श्रद्धांजल्या झाल्या, कविता झाल्या, चौकांत फलक लागले. त्या कवितांविषयी मला वाईट बोलायचे नाही. मेलेल्याविषयी चांगले बोलावे ही आपली रीत आहे. पण त्या कवितेला जवान लागतो तो मेलेलाच. लाहेरीच्या गोळीबारातून जो जिवंत परतला, ज्याने सोबत्याचे प्रेत खांद्यावरून आणले, ज्याला आज फटाका वाजला की घाम फुटतो, त्याला ह्या कवितेत जागा नाही. वीररसाला वाचलेल्या माणसाची अडचणच होते.

दुसरा मुखवटा यंत्राचा. हा आपल्या पुरोगामी लेखनाने घडवला. त्यात जवान म्हणजे राज्यसत्तेचा हात. हाताला मन कुठून असणार? विलास मनोहर ह्यांच्या कादंबरीचे नाव 'एका नक्षलवाद्याचा जन्म' असे आहे. एक माडिया तरुण त्या वाटेला कसा लागतो ते शोधणारी ही कादंबरी आवश्यक होती, आणि आम्ही ती शिकवतोही. पण तिच्या शेजारच्याच घरातला दुसरा तरुण, जो पोलिसभरतीच्या रांगेत उभा राहिला, त्याच्या जन्माची चौकशी करावी असे समीक्षेला वाटले नाही. दोघांची गोटुलाची आठवण एक, मोहाच्या झाडाखालची सावली एक, आश्रमशाळेतल्या माराची आठवणही बहुधा एकच. एकाच्या वाट्याला समाजशास्त्र आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला घोषणा. हा न्याय कुठला?

आता दारूकडे येऊ, कारण खरी कोंडी तिथे आहे. मराठी वाङ्मयातला दारुडा म्हटला की सुधाकर. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून शंभर वर्षे आपण व्यसन हा विषय सुधाकराच्या अधःपाताच्या आणि सिंधूच्या पातिव्रत्याच्या चौकटीत शिकवतो. गडकऱ्यांवर मात्र अन्याय नको. सुधाकर पहिला प्याला घेतो तो चैन म्हणून नव्हे. भर कोर्टात अपमान झालेला आहे, सनद गेलेली आहे, स्वाभिमानाला जखम झालेली आहे, आणि ती जखम विसरण्याचा उपाय म्हणून तळीराम प्याला पुढे करतो. नाटककाराला जखम दिसली होती. ती पुसली आपण, परीक्षेतल्या उत्तरांत. 'मद्यपानाचे दुष्परिणाम' हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला की सुधाकर का प्याला हा प्रश्नच उरला नाही.

आणि ज्या जिल्ह्यांविषयी मी बोलतो आहे तिथे हा प्रश्न नुसता वाङ्मयीन नाही, तो कायद्याचाही आहे. गडचिरोलीत १९९३ सालापासून दारूबंदी आहे. गावोगावच्या बायांनी आणि डॉ. अभय व राणी बंग ह्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी उभ्या केलेल्या चळवळीतून ती आली. २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम तिथे दारू-तंबाखूविरुद्ध काम करतो आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ साली उठवली गेली. बंदी असावी की नसावी ह्या वादात मला इथे शिरायचे नाही. ज्या बाईच्या घरातला पगार गुत्त्यावर जात होता तिने बंदी मागितली, आणि तिला तो अधिकार होता. माझा मुद्दा वेगळा आहे. महाराष्ट्राच्या १९४९ सालच्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय पिणे हा गुन्हा आहे, आणि बंदी असलेल्या जिल्ह्यात त्या कायद्याची अंमलबजावणी पोलिसांनी करायची असते. आता कल्पना करा, पिणारा माणूस स्वतःच पोलिस आहे. 'मी पितो' हे त्याचे पहिले वाक्यच गुन्ह्याची कबुली ठरते. डॉक्टरांपुढे, बायकोपुढे, साहेबांपुढे, कुणापुढेही ते उच्चारायचे म्हणजे वर्दी पणाला लावायची. त्या गेममधला सेनापती निदान म्हणू शकला, माझ्यावर लक्ष ठेव. आमच्या माणसाला हे वाक्य उच्चारायला भाषाच नाही. आणि ज्या अनुभवाला भाषा नाही त्याला भाषा मिळवून देणे हे साहित्याचे काम नसेल तर मग साहित्याचे काम तरी काय?

फरकही नोंदवला पाहिजे. लिरियम धर्मपीठच देते आणि दारू राज्यसत्ता रोखते, म्हणजे दोन गोष्टी उलट दिसतात. पण माणसाच्या जागी उभे राहून पाहिले तर दोन्हीकडे संस्थेला हवे असते ते त्याचे शरीर, आणि त्या शरीरात काय चालले आहे हे तिला ऐकायचे नसते.

श्रद्धेच्या बाबतीत तर आपली समीक्षा आणखी आळशी आहे. धर्मश्रद्धा म्हणजे एक तर अंधश्रद्धा नाही तर संस्कार, ह्यापलीकडे तिच्याकडे तिसरा शब्द नाही. ह्या दोन जिल्ह्यांत श्रद्धा आणि दारू ह्यांचे नाते निदान तीन प्रकारचे आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे तिथल्या बौद्ध घरात दारू सोडणे हा माणूसपण मिळवण्याचा भाग आहे, आणि प्यायलेल्या मुलाची लाज केवळ घराण्याची राहत नाही, ती प्रतिज्ञेची होते. दुसरे नाते तुकडोजी महाराजांचे. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर पेटले त्यामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती, आणि त्यांना तुरुंगवासही झाला. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आजही गावागावांत होते. व्यसन सोडलेला माणूस तिथे रोज संध्याकाळी चारचौघांत येऊन बसतो, आणि त्या बसण्यातच त्याचा निग्रह टिकतो. पंढरीच्या वाटेवर माळ घालण्याचा अर्थही हाच असतो. अमेरिकेत १९३५ साली 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' सुरू झाली तेव्हा तिने जे शोधले, म्हणजे आपल्याहून मोठ्या कशावर तरी भार टाकणे आणि समदुःखितांच्या वर्तुळात बसणे, ते आमच्या माळकऱ्यांना आधीपासून माहीत होते. पण आम्ही त्याचा अभ्यास मानसशास्त्र म्हणून कधी केला नाही, कारण भजन हा आमच्या लेखी लोकवाङ्मयाच्या पेपरातला दहा गुणांचा प्रश्न आहे.

तिसरे नाते ह्या दोहोंच्या उलट आहे. गोंड-माडिया घरात मोहाची दारू पेनाला, पूर्वजांना वाहिली जाते. जन्माला, लग्नाला, मरणाला ती लागते. तिथे ती पाप नाही, ती संबंध आहे. तिला मोजमाप आहे, वेळ आहे, सोबत आहे. ह्या घरातला मुलगा पोलिसात जातो, आणि तीच दारू एक दिवस कॅम्पाबाहेर, एकट्याने, वेळकाळ सोडून पिऊ लागतो. द्रव्य तेच, पण त्याच्याभोवतीचा देव गेला आणि माणसेही गेली. ह्या मुलाचे व्यसन सुधाकराच्या चौकटीत कसे बसवणार? त्याला 'दारू सोड आणि देवाचे नाव घे' असे सांगणाऱ्याला ठाऊक तरी आहे का, की त्याचा देव त्या दारूत होता?

म्हणून श्रद्धा व्यसनातून सोडवते हे विधान जितके खोटे तितकेच श्रद्धा ही अफू आहे हेही खोटे. खरे काय ते एकेका माणसाच्या गोष्टीतच कळेल, आणि गोष्ट सांगणे तर आपलेच काम आहे.

कुणी म्हणेल, आघात, त्यातून येणारे व्यसन वगैरे ही पाश्चात्त्य मानसशास्त्राची उसनवारी आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत आघातोत्तर विकाराचे नाव १९८० साली आले हे खरे. पण १९९४ साली जोनाथन शे ह्या डॉक्टरने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांना समजून घेण्यासाठी होमरचे 'इलियड' उघडले. आपल्याला तर तेवढेही दूर जायला नको. महाभारतातले मौसलपर्व काढा. युद्धाला छत्तीस वर्षे झाली आहेत. द्वारकेत दारूबंदी पुकारली गेली आहे आणि दारू गाळणाऱ्याला देहान्ताची शिक्षा आहे. तरीही यादव प्रभासक्षेत्री यात्रेला जातात आणि तिथे पितात. प्यायल्यावर सात्यकी कृतवर्म्याला टोमणा मारतो: झोपलेल्यांना मारणारा तू! कृतवर्मा उलटून म्हणतो: हात तुटलेल्या, प्रायोपवेशनाला बसलेल्या भूरिश्रव्याचा गळा कापणारा तू! तलवार निघते, एक मुंडके उडते आणि पाहता पाहता कुळच्या कुळ संपते.

ह्या प्रसंगात काय नाही? युद्धातले अनाचार आहेत, छत्तीस वर्षे न बोललेली अपराधभावना आहे, दारूबंदी आहे, दारू आहे, तीर्थक्षेत्र आहे. व्यासांनी आपल्याला सांगून ठेवले आहे की युद्ध रणांगणावर संपत नाही. ज्यांनी ते लढले त्यांच्या पोटात ते राहते, आणि बंदीचा हुकूम काढून तिथून ते निघत नाही. दुर्गाबाईंचे 'व्यासपर्व', इरावतीबाईंचे 'युगान्त' ही पुस्तके आपल्या कपाटात आहेत. महाभारताकडे माणसांची गोष्ट म्हणून पाहण्याची शिकवण आपल्याला त्यांनीच दिली. असे असताना आपल्याच जंगलातल्या सात्यकी-कृतवर्म्यांकडे आपण पाहिले नाही, ह्याचे खापर पाश्चात्त्यांवर कसे फोडणार?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो मी टाळणार नाही. जवानाचे मन उकलून दाखवणे म्हणजे त्याच्या हातून झालेल्या हिंसेला माफी देणे नव्हे काय? २०१८ सालच्या एप्रिलात कसनासूर-बोरिया इथल्या चकमकीत ४० माओवादी मारल्याचे पोलिसांनी सांगितले. मृतांत गट्टेपल्लीची तरुण मुले होती, आणि त्यांच्याविषयीचे प्रश्न त्यांच्या गावाने तेव्हाच विचारले. त्या आईबापांपुढे उभे राहून मी जवानाच्या दुःस्वप्नांविषयी बोलू का?

बोलायचेच असेल तर त्यांचे ऐकून झाल्यावर. इथे तो गेमही कमी पडतो, आणि माझ्या विद्यार्थ्याने हे आपल्या टिपणात स्वच्छ लिहिले होते. कलनचा पश्चात्ताप आपल्याला जवळून दिसतो. ज्यांच्यावर त्याने पहारा ठेवला त्यांच्या बाजूला तेवढा वेळ मिळत नाही. देखण्या चेहऱ्याच्या सेनापतीची वेदना पाहताना कोठडीतली माणसे धूसर होतात. सहानुभूतीचा हा धोका खरा आहे. पण त्यावर उपाय सहानुभूती बंद करण्याचा नाही, ती वाढवण्याचा आहे. जवान, आत्मसमर्पित माओवादी आणि दोघांच्या मध्ये चिरडलेला गावकरी हे तिघेही एकाच कादंबरीत मावले पाहिजेत, आणि कुणाच्याही वेदनेने दुसऱ्याचा हिशेब पुसला जाता कामा नये. समजून घेणे आणि सोडून देणे ह्यांत फरक आहे. न्यायाधीशाला तो कळत असेल तर समीक्षकालाही कळायला हरकत नाही.

हे सगळे आत्ताच का लिहायचे? कारण युद्धाची कड आली आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती ह्या नावाने ओळखला जाणारा माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. 'सी-६०'च्या सुरुवातीच्या वर्षांत भरती झालेली मुले आता निवृत्तीच्या वयाला आली आहेत. दोन्ही बाजूंची माणसे घरी परतताहेत. एकाच आठवडी बाजारात, एकाच मंडईत, वडशाच्या कंपनीचे एकच झाडीपट्टी नाटक बघायला रात्रभर एकमेकांच्या शेजारी बसणार आहेत. रणांगणाचा काळ संपला आणि मौसलपर्वाचा सुरू झाला. ते टाळता येईल की नाही ते मला माहीत नाही, पण जे बोलले जात नाही तेच नशेत बाहेर येते एवढे व्यासांनी सांगितले आहे.

त्या गेमला २०१५ साली एक पुरवणी आली. तिच्यात कलनच्या दोन शक्यता आहेत. खेळणाऱ्याने त्याला लिरियम सोडण्याचे बळ दिले असेल तर तो पुढे व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या टेम्प्लरांसाठी निवारा उभारतो. 'काम महत्त्वाचे, घेत राहा' असे सांगितले असेल तर त्याची बुद्धी ढळत जाते आणि तो रस्त्यावरचा निनावी भिकारी होऊन संपू शकतो. फरक कशाने पडतो? जवळच्या माणसाने एका रात्री काय उत्तर दिले त्याने.

आपणही उत्तर दिले होते, त्या बैठकीत. त्या विद्यार्थ्याने नंतर दुसरा, सुरक्षित विषय घेतला आणि तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. घरातल्या त्या माणसाविषयी मी त्याला पुढे काही विचारले नाही, तोही काही बोलला नाही. यंदा लघुप्रबंधांचे विषय ठरतील तेव्हा कुणी असे काही लिहून आणले तर निदान हसू नका. वाङ्मय आहे की नाही ते नंतर ठरवू. आधी त्याला विचारा, हा माणूस तुला कुठे भेटला? आणि तो सांगेल ते लिहून घ्या.